माहितीशास्त्राची पदवी : महाविद्यालयाची निवड कशी करावी?

बारावीचे किंवा पदवीचे निकाल लागले की गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? हा प्रश्न बहुधा शाळेतील शिक्षकांना, ग्रामसेवकांना किंवा पंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याला विचारला जातो. कारण शहरातील महाविद्यालयांची माहिती ज्यांच्यापाशी असावी असे पालकांना वाटते, ती हीच मंडळी असतात. त्यांनी दिलेल्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाची वर्षभराची मिळकत आणि एखाद्या तरुणाच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे पणाला लागतात. माहितीशास्त्राच्या पदवीबाबत हे अधिकच खरे आहे. या विद्याशाखेचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी तिचे स्वरूप फार थोड्यांना नेमकेपणाने ठाऊक आहे. यास्तव महाविद्यालय निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, कोणत्या क्रमाने पाहाव्यात आणि का पाहाव्यात, याचा विचार येथे केला आहे.

नावात साम्य, शिक्षणात अंतर

‘माहिती’ हा शब्द आज तीन निरनिराळ्या शिक्षणक्रमांच्या नावात आढळतो. पहिला शिक्षणक्रम अभियांत्रिकीचा. माहिती तंत्रज्ञान या शाखेतील ही चार वर्षांची पदवी असून तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय आवश्यक असतात. महाराष्ट्रात तिचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षेच्या आधारे होतात, आणि महाविद्यालयाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते. शेजारच्या कर्नाटकात याच स्वरूपाच्या शाखेला ‘माहिती विज्ञान व अभियांत्रिकी’ असे नाव आहे. तेथील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय बेळगाव येथे असल्याने सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांना हे नाव परिचयाचे आहे. नाव माहिती विज्ञान असले तरी तो अभ्यासक्रम संगणक अभियांत्रिकीच्या जवळचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा शिक्षणक्रम विज्ञान शाखेतील माहिती तंत्रज्ञानाच्या आणि संगणक उपयोजनाच्या पदव्यांचा. यांपैकी संगणक उपयोजनाची पदवी २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली. त्यामुळे तिच्या बाबतीत जुन्या माहितीवर विसंबून चालणार नाही.

तिसरा शिक्षणक्रम म्हणजे ग्रंथालय व माहितीशास्त्र. माहिती कोठे निर्माण होते, तिची नोंद कशी करावी, वर्गवारी कशी लावावी, ती जतन कशी करावी आणि ज्याला हवी त्याच्या हाती वेळेवर कशी पोहोचवावी, हा या शास्त्राचा विषय होय. संगणक हे त्याचे साधन आहे, साध्य नव्हे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला या शास्त्राकडे वळता येते. म्हणूनच ग्रामीण भागातील कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ही वाट खुली आहे. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः या तिसऱ्या शिक्षणक्रमावर आहे. मात्र संगणकावर आज्ञावली लिहिण्याची ज्याला आवड आहे त्याने या वाटेला येऊ नये, आणि ज्याला ग्रंथ, वाचक व अभिलेख यांत रस आहे त्याने केवळ नावाच्या मोहाने अभियांत्रिकीचा खर्च अंगावर घेऊ नये. निवडीची ही पहिली पायरी होय.

एक समृद्ध परंपरा

ग्रंथपालनाचे पद्धतशीर शिक्षण भारतात प्रथम बडोद्यास सुरू झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण केले व १९११ मध्ये तेथे प्रशिक्षणवर्ग उघडला. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी या विषयाला शास्त्राची बैठक दिली. मूळचे गणिताचे अध्यापक असलेल्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले आणि १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाने १९४४ मध्ये ग्रंथपालनाची पदविका सुरू केली. नागपूर व पुणे विद्यापीठांनी त्यानंतर पन्नाशीच्या दशकात हे शिक्षण हाती घेतले. कायद्याच्या बाबतीतही हा प्रदेश मागे नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. राज्य स्थापनेनंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्याखालील १९७० च्या नियमांनुसार गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. गावच्या वाचनालयाची अ, ब, क, ड या वर्गांतील प्रतवारी पंचायत सदस्यांना परिचित आहेच.

पदवीची रचना

ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी ही सामान्यतः पदवीनंतरची एक वर्षाची पदवी असते. तिच्यानंतर आणखी एक वर्षाने पदव्युत्तर पदवी मिळते. काही विद्यापीठांनी ही दोन्ही वर्षे जोडून दोन वर्षांचा सलग पदव्युत्तर शिक्षणक्रम ठेवला आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर येथील विद्यापीठांचे या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातही हा विषय शिकवला जातो. याखेरीज अनेक संलग्न महाविद्यालयांतून पदवीचे वर्ग चालतात. राज्याबाहेर बंगळूर येथे रंगनाथन यांनी १९६२ साली स्थापन केलेले प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. ते भारतीय सांख्यिकी संस्थेचा भाग असून तेथील प्रवेश त्या संस्थेच्या परीक्षेतून होतो. मराठी मुलांनी तेथे जाण्याची उमेद बाळगण्यास हरकत नाही.

ज्यांना पदवीपर्यंत शिकता आले नाही, परंतु गावच्या वाचनालयात काम करावयाचे आहे, त्यांच्यासाठी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग असतो. प्रमाणपत्र आणि पदवी यांत गल्लत करू नये. प्रमाणपत्राच्या जोरावर महाविद्यालयातील ग्रंथपालपद मिळत नाही, आणि लहान वाचनालयासाठी पदव्युत्तर पदवीची आवश्यकता नसते.

मान्यतेची खातरजमा

महाविद्यालयाची इमारत, त्याची जाहिरात किंवा प्रवेशाच्या वेळी दाखवलेले अगत्य या गोष्टी नंतर पाहाव्यात. सर्वप्रथम पाहावी ती मान्यता. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मध्ये स्पष्ट केले आहे. केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. इतर कोणतीही संस्था, तिचे नाव कितीही भारदस्त असले तरी, पदवी देऊ शकत नाही. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो. ती शाळेच्या फलकावर लावणे हे अल्प खर्चाचे, परंतु मोठ्या उपयोगाचे काम आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य छत्तीसगडमधील एका प्रकरणाने देशापुढे आले. त्या राज्याने २००२ मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारे अल्पावधीत शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे अधिसूचित झाली. त्यांतील अनेकांपाशी वर्गखोल्यादेखील नव्हत्या. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये निर्णय देऊन त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द ठरवल्या, आणि तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे हित जपण्यासाठी त्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांना संलग्न करण्याबाबत पावले उचलण्यास सांगितले. विधिमंडळाच्या कायद्यातून निघालेल्या विद्यापीठांची ही अवस्था होऊ शकते. मग गल्लीतील फलकावर विसंबणाऱ्याने किती सावध राहावे, हे सांगणे नलगे.

विद्यापीठ खरे असले म्हणजे चौकशी संपली असेही नाही. संलग्न महाविद्यालयाच्या बाबतीत तीन प्रश्न विचारावेत. या महाविद्यालयाला संलग्नता आहे काय? ती याच अभ्यासक्रमासाठी आहे काय? आणि ती चालू शैक्षणिक वर्षासाठी आहे काय? एखादे महाविद्यालय कला शाखेसाठी जुने व नामांकित असते, परंतु ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाला अद्याप संमती मिळालेली नसते. प्रवेश दिले जातात, अध्यापन सुरू होते, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली म्हणजे अडचण उभी राहते. तोवर वर्ष हातचे गेलेले असते. यावर उपाय एकच : महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर न थांबता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील संलग्न महाविद्यालयांची यादी पाहावी, किंवा विद्यापीठ कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अशी विचारणा करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे.

१९९४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद महाविद्यालयांचे मूल्यमापन करीत आली आहे. तिचा शेरा उपयुक्त आहे, पण तो समग्र संस्थेविषयी असतो, एका विभागाविषयी नव्हे. शिवाय प्रत्यायनाला मुदत असते. जाहिरातीतील शेरा कोणत्या वर्षाचा आहे, हे वाचून पाहावे.

ग्रंथालय हीच प्रयोगशाळा

रसायनशास्त्राचे महाविद्यालय निवडताना आपण प्रयोगशाळा पाहतो. ग्रंथालयशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे त्या महाविद्यालयाचे ग्रंथालय. ते प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याखेरीज प्रवेश घेऊ नये. अर्धा तास पुरेसा होतो. पुस्तके वर्गांकानुसार लावलेली आहेत काय? वाचक स्वतः मांडणीपर्यंत जाऊ शकतात काय? तालिका संगणकावर आहे काय, आणि ती चालते काय? नियतकालिके या महिन्याची आहेत की मागील वर्षाची? संदर्भग्रंथ कुलूपबंद कपाटात आहेत की वापरात? ज्या ग्रंथालयाची स्वतःचीच घडी विस्कटलेली आहे, तेथे ग्रंथालयाची व्यवस्था शिकवली जाणे कठीण.

त्यानंतर प्रात्यक्षिकांची चौकशी करावी. या पदवीत वर्गीकरण व तालिकीकरण हे पाया मानले जातात. मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली व आजही जगभर वापरात आहे. ती व्याख्याने ऐकून येत नाही. शेकडो पुस्तके हाती घेऊन त्यांना वर्गांक द्यावे लागतात. त्यासाठी वर्गीकरणाच्या कोष्टकांच्या पुरेशा प्रती विभागात हव्यात. चाळीस विद्यार्थ्यांत एक प्रत असेल, तर सराव कसा होणार?

तालिकीकरणाचे महत्त्व एका मराठी उदाहरणाने स्पष्ट होईल. वि. वा. शिरवाडकर यांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिल्या, तर ‘नटसम्राट’ हे नाटक स्वतःच्या नावाने. राम गणेश गडकरी कवितेपुरते गोविंदाग्रज झाले. एखादा वाचक ‘कुसुमाग्रज’ म्हणून विचारील, दुसरा ‘शिरवाडकर’ म्हणून. दोघांनाही सर्व ग्रंथ सापडतील अशी नोंद करणे, एका नावावरून दुसऱ्याकडे निर्देश करणे, हे प्रशिक्षित ग्रंथपालाचे काम होय. संगणकावर देवनागरी नोंदी करताना अक्षरलेखनाची एकच प्रमाण पद्धती न पाळल्यास छापील अक्षर डोळ्यांना दिसते, परंतु शोधात सापडत नाही. मराठी ग्रंथांचे असे प्रश्न ज्या विभागात शिकवले जातात, तेथील पदवीधर गावच्या वाचनालयालाही उपयोगी पडतो.

संगणकाचे शिक्षण कितपत प्रत्यक्ष आहे, हेही पाहावे. कोहा ही न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० साली खुली झालेली ग्रंथालय प्रणाली विनामूल्य आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल या प्रणाली आपल्याच देशात तयार झाल्या. अंकीय संग्रहासाठी डीस्पेस वापरतात. यांपैकी निदान एक प्रणाली विद्यार्थ्याने स्वतः बसवून चालवलेली असावी. ‘संगणक कक्ष आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या प्रणालीवर किती नोंदी केल्या, असे विचारावे. उत्तरावरून अध्यापनाची खोली कळते.

अध्यापक आणि माजी विद्यार्थी

पूर्णवेळ अध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरील किती, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. अनेक ठिकाणी महाविद्यालयाचे ग्रंथपालच अध्यापनाचा भार वाहतात. त्यांचा अनुभव मोलाचा असतो, पण दिवसभराचे काम सांभाळून सर्व विषय एका व्यक्तीने शिकवणे विद्यार्थ्यांच्या हिताचे नाही. याबाबत सर्वांत विश्वसनीय साक्ष माजी विद्यार्थ्यांची. मागील दोन-तीन वर्षांत उत्तीर्ण झालेल्या चार-पाच जणांची भेट घेतली, तर वर्ग नियमित होतात काय, प्रशिक्षणासाठी कोठे पाठवतात, आणि पदवीनंतर ते काय करीत आहेत, हे सहज समजते.

दूरशिक्षणाचा पर्याय

नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी हे शिक्षण उपलब्ध केले आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. त्यामुळे ती कमी दर्जाची, हा समज दूर केला पाहिजे. मात्र दूरशिक्षणाची मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, ती अभ्यासक्रमनिहाय व ठरावीक कालावधीसाठी असते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षी तो अभ्यासक्रम आहे, याची खात्री करूनच शुल्क भरावे. दूरच्या एखाद्या विद्यापीठाची ‘शाखा’ म्हणवणारी खाजगी केंद्रे हा विशेष सावधगिरीचा विषय आहे, कारण अशा प्रकारे मक्ता देऊन वर्ग चालवण्यास आयोगाची परवानगी नाही. दूरशिक्षणातही प्रात्यक्षिकांना पर्याय नाही. तेव्हा अभ्यासकेंद्रालगत चांगले ग्रंथालय आहे काय, हे पाहावे.

खर्च व कागदपत्रे

जाहीर शुल्क हा खर्चाचा एक भाग असतो. निवास, भोजन, प्रवास, परीक्षा शुल्क व पुस्तके यांची बेरीज कागदावर मांडावी. जिल्ह्याच्या ठिकाणचे मध्यम महाविद्यालय आणि महानगरातील नामांकित विभाग यांची तुलना या बेरजेवरून करावी. शिष्यवृत्तीची आशा असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर ते महाविद्यालय व तो अभ्यासक्रम दोन्ही नोंदलेले आहेत काय, हे प्रवेशापूर्वी पाहावे. मुलींच्या बाबतीत वसतिगृह आणि बससेवेची वेळ या गोष्टी शुल्काइतक्याच निर्णायक ठरतात.

मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेण्यास आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेने शिक्षणसंस्थांना मनाई केली आहे. पडताळणी करून ती परत द्यावयाची असतात. ही गोष्ट पालकांना ठाऊक असल्यास, चुकीचा प्रवेश सोडून योग्य ठिकाणी जाण्याचा मार्ग बंद होत नाही.

पदवीनंतर

पदवी घेतली की नोकरी मिळाली, असे चित्र रंगवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील पदे मर्यादित असतात, आणि सार्वजनिक ग्रंथालयांतील सेवकांचे मानधन बेताचे असते. म्हणून कोणत्या पदासाठी कोणती पात्रता लागते, हे आरंभीच जाणून घ्यावे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण आणि सर्वसाधारणपणे नेट किंवा सेट परीक्षेतील यश आवश्यक आहे. राखीव प्रवर्गांतील व दिव्यांग उमेदवारांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. अर्ध्या टक्क्याने संधी गमावलेले उमेदवार कमी नाहीत. म्हणून गुण हातचे राखून देणाऱ्या वा पाठ करून घेणाऱ्या महाविद्यालयापेक्षा विषय समजावून देणारे महाविद्यालय पसंत करावे.

दुसऱ्या बाजूने कामाची क्षेत्रे विस्तारली आहेत. संशोधन संस्था, रुग्णालये, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, बँका, विधी कार्यालये व अभिलेखागारे यांना माहितीची व्यवस्था लावणारे लोक लागतात. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तिच्याद्वारे सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेचे फळ विद्यार्थ्यांच्या पदरात पडावयाचे, तर ती नियतकालिके शोधण्यास शिकवणारा ग्रंथपाल प्रत्येक संस्थेत असला पाहिजे. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. गावानेही ग्रंथसंपदेच्या आधारे आपली ओळख घडवता येते, हे त्याने दाखवले.

मार्गदर्शकांचे कर्तव्य

विद्यार्थ्याची आवड, पदवीचे खरे स्वरूप, मान्यता, ग्रंथालय, अध्यापक, खर्च आणि पुढील पात्रता, असा हा चौकशीचा क्रम आहे. यांतील मान्यतेच्या कसोटीवर जे महाविद्यालय उतरत नाही, त्याच्या इतर गुणांचा विचार करण्याचे कारण उरत नाही. उरलेल्या कसोट्यांत थोडे उणेअधिक चालू शकेल.

माध्यमिक शाळांनी व पंचायतींनी एक छोटी योजना सहज अंमलात आणावी. दरवर्षी मे महिन्यात आयोगाची बनावट विद्यापीठांची यादी, आपल्या विद्यापीठाची संलग्न महाविद्यालयांची यादी आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखा गावच्या वाचनालयात मांडून ठेवाव्यात, आणि त्या वाचून दाखवण्यासाठी एखाद्या शिक्षकाने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. योग्य माहिती योग्य व्यक्तीला योग्य वेळी मिळवून देणे हेच माहितीशास्त्राचे ध्येय आहे. त्या शास्त्राची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या मुलांना तरी माहितीअभावी वर्ष गमवावे लागू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घेतली पाहिजे.